तीन नंबरच्या मशीनवर जे होतं ते

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. आमच्या ह्यांच्या नाही – आणि त्यांना तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी जेवायच्या आधी सांगून टाकायची. मुलाच्या नाही. सुमनच्या तर नाहीच. का नाही, ते पुढे येईल. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल असं वाटतंय. जमेल? बघू या. मधेच भलतीकडे गेले तर समजून घ्या – नाही, समजून घेऊ नका, नुसतं वाचा.

मी पनवेलच्या एका वाचनालयात सव्वीस वर्षं काम केलं. अकरावी मॅट्रिक झालेली, लग्न होऊन इथे आलेली. पुस्तकांना खाकी कव्हरं घालायला म्हणून गेले आणि तिथलीच झाले. सगळे मला मालतीबाई म्हणत. दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी असेल, कुठल्याशा कंपनीने काढून टाकलेला एक मोठा कॉम्प्युटर आमच्या वाट्याला आला. एका सभासदाचा भाचा इंजिनिअर होता, त्याने तो लावून दिला. मूळ डबा एकच, माझ्या टेबलाखाली घरघरणारा. त्याला चार स्क्रीन आणि चार कीबोर्ड जोडलेले. आम्ही त्या प्रत्येकाला मशीनच म्हणायचो – एक नंबरचं मशीन माझं, दोन, तीन आणि चार सभासदांची. काळा पडदा, पांढरी अक्षरं. माऊस नाही, चित्रं नाहीत. जे हवं ते टाइप करून सांगायचं.

भाचा पुढे नोकरीला पुण्याला गेला. जाताना एक दोनशे पानी वही माझ्या हातात ठेवून गेला, त्यात सगळ्या कमांड लिहिलेल्या. त्या वहीवर मी शिकले. कुठला क्लास नाही, काही नाही. अनारशाचं पीठ पहिल्या वेळी बिघडतं, दुसऱ्या वेळी बिघडतं आणि तिसऱ्या वेळी हाताला कळतं – तसंच. पन्नाशी उलटलेली, नऊवारीतल्या सासूच्या हाताखाली वाढलेली बाई काळ्या पडद्यावर खटाखट टाइप करते, म्हणून लोक माझ्या पाठीमागे उभे राहून बघायचे. सांगू का – मला ते आवडायचं. फार आवडायचं. पुढे जे झालं त्याचं मूळ शोधायला दूर जायला नको, ते त्या आवडण्यातच आहे.

थोडं मशीनचं सांगते, नाहीतर मी काय केलं ते कळायचं नाही. मशीनवर एका वेळी पुष्कळ कामं चालू असतात. त्यांना प्रोसेस म्हणतात, पण आम्ही कामंच म्हणायचो. प्रत्येक कामाला एक नंबर. 'टॉप' असं टाइप केलं की सगळ्या कामांची यादी समोर येते, जे काम मशीनची जास्त ताकद खातं ते सगळ्यात वर. अजून एक कमांड होती, तिने कुठलं काम कुठल्या मशीनवरून चाललंय तेही दिसायचं. आणि एखादं काम अडून बसलं, की 'किल' लिहून त्याचा नंबर द्यायचा. झालं, थांबलं.

पण किल दोन तऱ्हांचं. नुसतं किल म्हटलं तर त्या कामाला निरोप जातो – आवर आता. मग ते आपलं पसरलेलं आवरून घेतं आणि जातं. आमचा लिहायचा प्रोग्राम होता, नॅनो नावाचा, तो तर इतका शहाणा, की असा निरोप आला तर अर्धवट लिहिलेलं सगळं एका वेगळ्या फाइलीत ठेवून मग बंद व्हायचा. दुसरी तऱ्हा म्हणजे किल मायनस नाइन. त्यात निरोप नाही, आवरणं नाही. असेल तिथून उचलून नाहीसं. भाच्याने वहीत लाल शाईने लिहिलं होतं : आधी नुसतं किल. दहा सेकंद थांबा. ऐकलंच नाही तर मायनस नाइन.

आणि एक राहिलं. एकाने दुसऱ्याचं काम बंद करायचं म्हटलं तर मशीन सहसा करू देत नाही. पण आमच्याकडे सगळ्यांचं नाव एकच होतं आणि पासवर्डही एकच – फळ्यावर खडूने लिहिलेला. आमचे निम्मे सभासद साठीच्या पुढचे. ते पासवर्ड विसरायचे आणि मग माझ्याशीच भांडायचे, म्हणून ही युक्ती मीच काढली होती. मशीनच्या लेखी आम्ही सगळे मिळून एकच माणूस. कुणीही कुणाचंही काम बंद करू शकत होतं. फक्त तसं करता येतं हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

आता सायमनकाका.

काका बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. जन्म पनवेलचा, नोकरी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात, रिटायर होऊनही बरीच वर्षं झालेली. काकू गेल्या होत्या. एकुलती एक मुलगी फ्लोरा लग्न होऊन तिकडे इस्राएलला. नात्यातले बाकीचेही एकेक करून केव्हाच गेलेले. फ्लोरा दर फोनला म्हणायची, बाबा, या आता. काका नाही म्हणायचे. मला म्हणायचे, "मालतीबाई, मी गेलो तर इथल्या दगडांची हजेरी कोण घेणार?"

ते दगड म्हणजे त्यांच्या दफनभूमीतले. नव्या कबरींवर नावं कोरलेली असतात, मराठीतसुद्धा. पण आतल्या बाजूला जुन्या पाच ओळी आहेत. तिथले दगड नुसते काळे, ओबडधोबड, त्यांवर एक अक्षर नाही. काका लहान असताना त्यांची आई वर्षातून एकदा दोघा भावांना तिथे न्यायची, एकेका दगडापाशी उभं करायची आणि पाढ्यांसारखं घोकून घ्यायची – ही कोण, कुणाची सून, कशाने गेली. ते पाठांतर आता जगात एकट्या सायमनकाकांच्या डोक्यात उरलं होतं. मोठ्या भावालाही यायचं, पण त्यांना म्हातारपणी विसरण्याचा आजार झाला. शेवटी शेवटी ते सायमनकाकांनाच "आपण कुठले?" असं अदबीने विचारायचे. काका त्याची नक्कल करून दाखवायचे आणि हसायचे. त्यांची घाई त्यासाठी होती. डोक्यातून जायच्या आत उतरवून ठेवायचं.

पेन धरलं की हात कापायचा, म्हणून मशीन. खिडकीजवळचं, तीन नंबरचं. आमच्या मशीनवर मराठी उमटत नसे, तेव्हा इंग्रजी अक्षरांतून मराठी, तेही दोन बोटांनी. एका दगडाला अर्धा तास. शनिवार सोडून रोज यायचे; शनिवारी त्यांच्यात काम करत नाहीत, दिवासुद्धा पेटवत नाहीत. नुसती नावं लिहायचे नाहीत हो. दुसऱ्या ओळीतला चौथा दगड हनाबाई : तेलाच्या घाण्यावरची, आवाज बैलापेक्षा मोठा, प्रसादाच्या मलिद्यात गूळ कमी पडला म्हणून भर प्रार्थनेत नवऱ्याला बोलली. असं. मी वाचायची आणि म्हणायची, काका, ही तर आमच्या सासूबाईंची बहीण शोभेल. "असेलही," काका म्हणायचे, "तुमच्या सासूबाई शनिवारी दिवा लावायच्या का ते विचारून बघा."

लिहिलेलं जतन करायच्या वेळी नॅनो फाइलचं नाव विचारतो. त्यात काका गोंधळायचे. एकदा पहिल्या ओळीच्या नावावर दुसरीच फाइल ठेवून बसले होते, ती मी मुश्किलीने परत मिळवली. तेव्हापासून मीच त्यांना बजावून ठेवलं होतं – काका, तुम्ही फक्त लिहा. उठायच्या वेळी मला हाक मारा. जतन मी करीन, बंद मी करीन. तुम्ही त्या बटणांना हात लावू नका. ते शाळेतल्या मुलासारखं ऐकायचे. अशा दोन ओळी पूर्ण झाल्या होत्या. मी त्या छापून दिल्या, त्यांनी त्या फ्लोराला पाठवल्या.

हे सगळं मी लांबण लावून सांगतेय, कळतंय मला. तिथे पोचायचं नाहीये ना. पोचते.

त्या दिवशी आमचे अध्यक्ष दुसऱ्या तालुक्यातल्या वाचनालयाचे दोन पाहुणे घेऊन येणार होते, आमचं मशीन दाखवायला. मला दाखवायला, असंच मी मनात म्हणत होते. मी वहीवरून शिकत शिकत स्वतःचा एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. लोकांनी परत न केलेल्या पुस्तकांची यादी काढायचा. त्याचं नावही 'यादी'च. आदल्या दिवशी तो चालला होता. त्या सकाळी चालवला तर काही दिसेना, म्हणून पुन्हा चालवला. पुन्हा. एकूण चारदा. आणि त्यात मी काहीतरी चुकीचं लिहिलं होतं – एकदा सुरू झाला की थांबायचंच नाव नाही, तिथल्या तिथे गोल गोल फिरत बसायचा. असे चार यादी पोटात घेऊन मशीन धापा टाकत होतं.

सायमनकाका साडेनऊपासून लिहीत बसले होते. तिसरी ओळ सुरू केली होती. सव्वाअकराच्या सुमारास मी त्यांच्यामागून गेले तेव्हा म्हणाले, "आज गाडी वेळेवर आहे, मालतीबाई. चार स्टेशनं झाली." म्हणजे चार दगड. साडेअकराला ते समोरच्या टपरीवर चहा-बिस्किटाला उठले. साखरेचा त्रास होता, वेळेवर खावं लागायचं. दारातून माझ्याकडे बघून बोट वर केलं – येतोच, चालू राहू दे. रोजची खूण होती ती. मी मान हलवली. हो, हलवली.

ते गेले आणि पाहुणे आले. मी ऐटीत खुर्ची ओढून बसले. पुस्तक शोधून दाखवायचं होतं. लेखकाचं नाव टाइप केलं... आणि काहीच नाही. पडदा ढिम्म. अध्यक्ष म्हणाले, "काय हो मालतीबाई, यंत्र जेवून झोपलं की काय तुमचं?" पाहुण्यांपैकी एक जाडसर गृहस्थ होते, ते दुसऱ्याला म्हणाले, "आपलं रजिस्टर बरं बाबा. ते कधी झोपत नाही." दोघं हसले. अध्यक्षही हसले. माझे कान तापले.

मी टॉप लावलं. सगळ्यात वर एकाखाली एक – यादी, यादी, यादी, यादी. चारही माझे. मला एका क्षणात कळलं काय झालंय ते. खरं सांगते, त्याच क्षणी त्या चार नंबरांना थांबवलं असतं तर मशीन धावलं असतं आणि आज ही गोष्टच नसती. पण अध्यक्षांनी विचारलं, "कुणामुळे अडलंय?" आणि माझ्या तोंडून निघालं, "सभासद मशीन उघडी टाकून जातात हो. मग असं होतं." जाडसर पाहुण्यांनी विचारलं, ते कळतं कसं? मग काय, मला दाखवायचंच होतं! मी दुसरी कमांड दिली. हे बघा – तीन नंबरचं मशीन. काम चालू, आणि तिकडे बघा, खुर्ची रिकामी. "मग आता?" "आता काय, बंद करायचं." किल मायनस नाइन आणि नॅनोचा नंबर. एंटर. आणि त्यांच्या माना खिडकीकडच्या पडद्याकडे वळल्या होत्या तेवढ्यात माझे चारही यादी त्याच तऱ्हेने थांबवले.

मशीन धावायला लागलं. पुस्तक सापडलं. "वा बाई!" अध्यक्ष म्हणाले.

नॅनोने मशीन अडवलं नव्हतं, ते मला माहीत होतं. नॅनो बिचारा काय खाणार? रिकाम्या खुर्चीसमोर तो नुसता वाट बघत बसला होता.

त्या घाईत काकांचं लिखाण जतन झालेलं नाही हे ध्यानातच आलं नाही – असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आले. माणसं होती, गोंधळ होता, ध्यानात कसं येणार? पण आलं होतं. एंटरवर बोट होतं तेव्हाच आलं होतं. जतन करायचं काम माझंच नव्हतं का? मी जागेवरून उठून जतन केलं असतं तर? पण मग पाहुण्यांनी विचारलं असतं की हे कुणाचं, आणि बंद का करताय. बरं, उठायचं नव्हतं तर नुसतं किल दिलं असतं. नॅनोने स्वतःच सगळं ठेवून दिलं असतं. पण नुसतं किल दिलं की थांबावं लागतं. दहा सेकंद. पाठीमागे तीन पुरुष उभे असताना मला दहा सेकंद काहीही न होता बसायचं नव्हतं. एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

तरीही हे सगळं माफीचं होतं बरं का. दोन तासांचं लिखाण. काका आले असते, मी म्हटलं असतं, काका, माझ्या हातून गेलं हो. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या – त्या पार्सल ऑफिसातल्या, खास – आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलं असतं. मुळात मला सांगायचंय ते पुढचं आहे.

काका परत आले. पाहुणे अजून तिथेच, सरबत घेत. काका तीन नंबरसमोर बसले, पडद्याच्या अगदी जवळ गेले, मागे झाले. मग माझ्या टेबलाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "मालतीबाई, माझी ओळ कुठे गेली?"

मी म्हटलं, बघते. उठले. उगाच दोन-तीन बटणं दाबली. अध्यक्ष बघत होते.

"मी बंद केलं नव्हतं हो," काका म्हणाले. "चालू ठेवून गेलो. तुम्हाला खूण केली ना मी?"

आणि मी म्हणाले – शांतपणे, लहान मुलाशी बोलावं तसं – "नाही काका. तुम्हीच बंद करून गेलात. त्याने जतन करू का विचारलं असेल, तुम्ही नको म्हणालात. मी पाहिलं."

मी पाहिलं. हे कशाला म्हणायला हवं होतं? "कसं गेलं कोण जाणे" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मशीनवर ढकललं असतं. मशीनला काय लागतंय? पण 'कोण जाणे' म्हटलं की मशीन वाईट ठरतं, आणि मशीन म्हणजे मी. म्हणून मी एका माणसाला, ज्याला सगळ्या जगात एकाच गोष्टीची भीती होती, तीच गोष्ट त्याच्याबाबतीत सुरू झाली आहे असं सांगितलं. साक्षीदार म्हणून.

सुमन तिथेच होती. आमच्याकडे झाडलोट करायची ती, बेलपाड्याहून यायची. दहा वर्षं आम्ही एकमेकींचे डबे खाल्ले होते. ती केर भरता भरता म्हणाली, "बाय, काका गेलं तवा तं पेटलेलाच व्हता. मी खालून झाडू मारला ना. अक्षरा व्हती वर."

"तुला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं. "तू तुझा केर भर." असं मी तिला कधी बोलले नव्हते. तिने उरलेला केर सुपलीत ओढला. मग म्हणाली, "आमाला काय, नाय कलत," आणि सुपली घेऊन बाहेर गेली. त्या दिवसानंतर सुमन माझ्याशी बोलली, हसली, लेकीच्या लग्नाला हाताला धरून घेऊन गेली – पण मशीनच्या खोलीत मी असताना झाडू मारायला ती पुन्हा आली नाही. मी बाहेर पडायची वाट बघायची.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विश्वास माझ्यावर ठेवला. आपल्या दोन्ही हातांची बोटं बघितली. म्हणाले, "असं? मग केलं असेल. तुम्ही पाहिलंत म्हणजे केलंच असेल."

दुसऱ्या दिवशी ते आले. तिसऱ्या ओळीतल्या पहिल्या दगडापासून पुन्हा सुरू केलं. एक वाक्य लिहिलं आणि थांबले. मला बोलावून म्हणाले, "काल मी इथे हेच नाव लिहिलं होतं का? तुम्ही वाचलं होतं?" मी वाचलं नव्हतं. "मग कसं कळणार?" ते म्हणाले. "बघा ना, ज्या डोक्याला काल मशीन बंद केलेलं आठवत नाही, त्याच डोक्याला हे दगड बरोबर आठवतायत कशावरून? चुकीचं लिहिण्यापेक्षा कोरं बरं. मेलेल्या बाईला भलत्याच घरची सून करून टाकायची... आई काय म्हणेल?"

त्यांनी ते एक वाक्यही पुसलं. नंतर ते वर्तमानपत्र वाचायला यायचे, पण तीन नंबरवर बसले नाहीत. शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या दिसायला लागल्या : गॅस बंद केला. कुलूप लावलं. गोळी घेतली. कधी माझ्याजवळ येऊन विचारायचे, "मी काल आलो होतो ना हो?" आलेले असायचे. एकदाही त्यांचं चुकलं नाही. एकदाही नाही – मी मोजत होते, तुम्हाला काय वाटतं, मला झोप येत होती? रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. पावसाळा गेला, दिवाळी गेली. जितके दिवस गेले तितकं सांगायचं वाढत गेलं. आधी नुसतं 'मी बंद केलं' एवढंच सांगायचं होतं. मग 'मी तुम्हाला खोटं सांगितलं' हे आलं. मग 'तुम्ही चिठ्ठ्या लिहिताना मी बघत होते' हेही.

थंडीत फ्लोरा आली. बापाचे चिठ्ठ्यांनी भरलेले खिसे बघून घाबरली, मला येऊन भेटली. चांगली मुलगी, बापासारखंच नाक. म्हणाली, "मावशी, बाबा म्हणतात मोठ्या बाबांसारखं त्यांचंही सुरू झालंय. मला ते अगदी नीट वाटतात हो. पण तुम्ही रोज बघता. ते मशीनचं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना?"

दार सताड उघडं होतं. त्या खोलीत आम्ही दोघीच. ना अध्यक्ष, ना पाहुणे. मी म्हणाले, "हो."

आणि वर म्हणाले, "वय झालं ना गं आता."

दोन महिन्यांत काकांनी दोन खोल्या रिकाम्या केल्या. ज्या माणसाला इतकी वर्षं कुणी हलवू शकलं नव्हतं, तो आपण होऊन निघाला – परक्या देशात लेकीवर एकदम ओझं नको, डोकं आहे तोवर जाऊन तिथलं घर ओळखीचं करून घेतो म्हणाला. वाचनालयाची पुस्तकं परत करायला आले. मला म्हणाले, "मालतीबाई, तुमचे उपकार. भावाचं आम्हाला फार उशिरा कळलं होतं. माझं तुमच्यामुळे वेळेवर कळलं."

मी त्यांच्या पाया पडले. त्यांना वाटलं निरोपाचं पडतेय.

काका तिकडे नऊ वर्षं जगले. फ्लोराचे अधूनमधून मेसेज यायचे, मोबाईल आला होता तोवर माझ्याकडे. पहिल्याच वर्षी तिने लिहिलं, तिथल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, डोक्यात काहीही दोष नाही म्हणाले. पार पनवेलपासूनची स्टेशनं उलटसुलट म्हणून दाखवतात. आम्ही सांगतो, बाबा, उरलेल्या ओळी लिहा ना. ते ऐकत नाहीत. म्हणतात, डॉक्टरांना काय ठाऊक, पनवेलला माझ्या हातून झालंय, मालतीबाईंनी पाहिलंय. तो मेसेज वाचून मी फ्लोराला काय पाठवलं? दोन हात जोडलेलं चित्र.

ते गेले तेव्हा फ्लोराने मलाच आधी कळवलं, तिच्या काही नातेवाइकांच्याही आधी.

गेल्या वर्षी एक जोडपं आलं तिकडून. मुलगी तिशीची असेल, मराठी मोडकंतोडकं पण गोड. फ्लोराने माझा नंबर दिला होता. मुलीच्या पणजीची आई इथे पुरलेली आहे, तिसऱ्या किंवा चौथ्या ओळीत, एवढंच घरात माहीत. हातात काकांच्या दोन ओळींची छापील पानं, मी छापून दिलेली तीच, झेरॉक्सची झेरॉक्स. मी त्यांना रिक्षाने दफनभूमीत घेऊन गेले. पहिल्या दोन ओळी ते पानं धरून वाचत गेले, हनाबाईपाशी दोघं मोठ्याने हसले. तिसऱ्या ओळीशी आलो आणि पानं संपली. ती म्हणाली, "आजी, यातली कुठली?" मी म्हटलं, माहीत नाही. मग तिने खाली वाकून खडे गोळा केले. कबरीवर खडा ठेवायची त्यांच्यात पद्धत आहे. तिसऱ्या ओळीतल्या प्रत्येक दगडावर एक आणि चौथ्या ओळीतल्याही प्रत्येक दगडावर एक. कुठली तरी आपली असेल म्हणून सगळ्यांवर. ऊन होतं. तिचा नवरा म्हणाला बस झालं, ती थांबली नाही.

ते झाल्यावर हात झटकत तिने मला विचारलं, "सायमन अंकलनी पुढचं का नाही लिहिलं?"

आमच्या वाचनालयातलं ते मशीन केव्हाच भंगारात गेलेलं. अध्यक्ष वारलेले. मी रिटायर होऊन इतकी वर्षं झालेली. कुणाला घाबरायचं होतं?

मी म्हणाले, "त्यांना आठवेनासं झालं होतं."

"अरेरे," ती म्हणाली. माझा हात हातात घेतला.

सायमनकाकांना शेवटपर्यंत सगळं आठवत होतं. त्या दिवशी ते मशीन चालू ठेवून गेले होते. ते मी बंद केलं.